बिनधारेचं हत्यार

नागोरावनं अंगणात गोणपाट अंथरून त्यावर दोन लोखंडं मांडली, तसं खेमसिंगचं सगळं घर त्याच्याभोवती गोळा झालं. खुद्द खेमसिंग बाजेवर, पोरगा शाम उकिडवा, सून शीला दाराच्या चौकटीला टेकून. मानीबाई तेवढी अंगणाच्या कोपऱ्यात चुलीपाशी होती. भाकर तव्यावर आणि कान गोणपाटावर, असं तिचं चाललं होतं. नागोराव हा दारव्ह्याच्या एका अवजारांच्या दुकानाचा माणूस. बोलायला इतका गोड की समोर जो शेवटचं बोलेल त्याचंच तो खरं करून द्यायचा. त्याला समजावं म्हणून सगळे वऱ्हाडीत बोलत होते. आपसात कुरकुरायचं तेवढं गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा तांड्याच्या बोलीत.

मशीन ठरलेलं होतं. ट्रॅक्टरमागं जोडायचं, त्याच्या पोटात लोखंडी रूळ, रुळाला ही लोखंडं ओळीनं लोंबत सोडलेली. ट्रॅक्टरच्या जोरावर रूळ गरगरला की खाली सापडेल त्याची कुट्टी. नागोराव त्याला ‘फ्लेल मोवर’ म्हणायचा, शाम ‘श्रेडर’, आणि खेमसिंग सरळ ‘कुट्टीमशीन’. वाद होता तो रुळाला काय लोंबवायचं यावर. एक लोखंड पातळ, दोन फांद्यांचं, कडेला धार दिलेलं. नागोराव म्हणाला हे वाय ब्लेड. खेमसिंगनं पाहताक्षणीच त्याचं नाव ‘दुबेळकं’ ठेवलं. दुसरं जाड, बुटकं, हातोडीसारखं, त्याला धारबीर काही नाही.

नागोरावनं दोन्हीचे गुण गायले. गवत, तरोटा, कापूस वेचून झाल्यावरची उभी पऱ्हाटी असली तर दुबेळकं. तंबाखूसारखा बारीक भुगा करतं, लहान ट्रॅक्टरलाही झेपतं, फक्त गोट्यावर आपटलं की तोंड मोडतं. मनगटाएवढं झुडूप असलं तर हातोडी. ती कापत नाही, ठेचते, गोट्याला भीत नाही, पण ट्रॅक्टरचा घाम काढते.

शाम दुबेळक्याच्या बाजूचा होता, कारण ट्रॅक्टर त्याचा आणि जीवही त्याचा ट्रॅक्टरमध्येच. शीला हातोडीची. तिचं माहेर वणीकडच्या राजूरचं, भाऊ कोळशाच्या खाणीत डोझर चालवायचा, त्यामुळं लोखंड जितकं जड तितकं ते चांगलं हे तिला लहानपणापासून ठाऊक. शिवाय चारचौघांत नवऱ्याच्या विरुद्ध बोलायची संधी रोज येत नाही. खेमसिंगही हातोडीचाच, पण का ते सांगत नव्हता. नुसता मिशीतल्या मिशीत हसत होता, आणि तो असा हसायला लागला की घरातले सावध व्हायचे.

तेवढ्यात मानीबाई पिठाच्या हातांनी उठून गोणपाटापाशी आली.

“दुबेळकं घ्या,” ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघतच राहिले. ही बाई ट्रॅक्टर आला तेव्हा त्याला हळदकुंकू लावून आत निघून गेली होती. मोटारपंप आला, फवारणीचा पंप आला, कशाबद्दलही तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. आणि आज ती पऱ्हाटीचा भुगा बारीक झाला की खतात लवकर कुजतो, असलं काहीबाही सांगायला लागली. खेमसिंगनं विचारलं की हे तुला कोणी शिकवलं. तिनं सांगितलं, रेडिओनं. रेडिओ बंद पडून जमाना झाला होता. चुलीवरची भाकर करपून कोळसा झाली, तरी कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही.

मानीबाईला दुबेळकं का हवं होतं, ते कळायला आधी धुरा कळला पाहिजे.

खेमसिंग आणि पूनमसिंग हे सख्खे भाऊ, दोघांची वावरं लागून, मधे एक धुरा, म्हणजे बांध. कापसाचं बीटी बियाणं तांड्यात पहिल्यांदा आलं त्या साली पूनमसिंगनं आरोप केला, की मोठ्या भावाचा वखर वळताना धुऱ्याचे दोन तास खातो. दोन तास म्हणजे दोन ओळींची जागा, त्यात बकरीसुद्धा धड बसणार नाही. पण भाऊच ते, काठ्या निघाल्या. मग तांड्याची पंचायत, म्हणजे नसाब, निंबाखाली बसली. नायक देवसिंगनं दोघांचं ऐकून घेतलं, दोघांनाही मूर्ख ठरवलं आणि निकाल दिला: “धुरा तुमच्या दोघाइचाबी नाही. तुमी शहाणे होईस्तोवर कोणी त्याले धारेचं हत्यार लावाचं नाही. कुऱ्हाड नाही, विळा नाही, वखराची पास नाही.”

धुरा वाट बघत राहिला. दोघं काही शहाणे झाले नाहीत. रायमुनिया उगवली, बोरी आल्या, हिवर, बाभळी, पळस, सगळं एकमेकांत गुंतून माणसाच्या डोक्यावर गेलं. रुंदीलाही वाढलं. ज्या दोन तासांसाठी काठ्या निघाल्या होत्या त्याच्या कितीतरी पट जागा झुडपानं दोघांचीही गिळली, आणि दोघंही ती समोरच्याच्या नावावर टाकून मोकळे झाले. मग त्या झुडपात रानडुकरं राहायला आली. या वर्षी तर कळसच झाला. बोंडअळीनं कापूस नेला, डुकरांनी हरभरा नेला. पऱ्हाटी उभी ठेवू नका, तिची कुट्टी करा, असं सरकारी माणसं सांगून गेली, तेव्हा कुठं या मशीनचा विषय निघाला.

खेमसिंगच्या डोक्यात पऱ्हाटी नव्हतीच. त्याच्या डोक्यात धुरा होता. शेवटी त्यानं ते बोलून दाखवलं. नायकानं मनाई केली ती धारेच्या हत्याराला. हातोडीला धार कुठं असते?

शाम या वाक्यावर जागच्या जागी फिरला. हरभऱ्याच्या दिवसांत डबा बडवत रखवाली करून त्याचं डोकं सुजलं होतं. डुकरांचं घर मोडणार असेल तर ट्रॅक्टरनं घाम काय, रक्त गाळलं तरी चालेल, असं त्याचं झालं. नागोराव लगेच म्हणाला, हातोडीसारखी चीज नाही.

मानीबाई चुलीपाशी जाऊन बसली. करपलेली भाकर तिनं तशीच तव्यावर राहू दिली.

कारण त्या धुऱ्यात तिची बहीण होती.

पूनमसिंगची बायको गोमली ही मानीबाईची सख्खी धाकटी बहीण. एकाच मांडवात दोघी दोन भावांना दिलेल्या. भाऊ भांडले तसं बायकांचंही येणंजाणं बंद झालं. हिनं तिच्या विहिरीवर जायचं नाही, तिनं हिच्या दारात यायचं नाही, लग्नाकार्यात समोरासमोर आल्या तर मान वळवायची. खेमसिंगनं मानीबाईला आपल्या गळ्याची शपथ घातली होती आणि पूनमसिंगनं गोमलीला स्वतःच्या. झुडूप डोक्याएवढं झालं त्या साली एकदा मानीबाईचं बकरीचं पिल्लू चुकलं, ते शोधत ती डुकरांनी पाडलेल्या बोगद्यातून वाकून आत शिरली. आत बोरीच्या बुडाशी एक सपाट दगड, आणि दगडावर गोमली. ती काही शोधत नव्हती. घरात रडता येत नव्हतं म्हणून तिथं येऊन रडत होती.

त्या दिवसापासून दुपारची जेवणं उरकली की एक या बाजूनं सरपणाला निघायची, एक त्या बाजूनं. इतकं सरपण आणायला जाऊन मोळी एवढीशी कशी, असा प्रश्न दोन्ही घरांत कोणालाच पडला नाही. तंबाखू-चुना मानीबाईचा, पाणी गोमलीचं. डुकरं दुपारची पलीकडच्या टोकाला लोळत पडायची. त्यांचं आणि बहिणींचं कधी वाकडं आलं नाही.

आणि बोलायला विषय दोनच, तो बुढा आणि हा बुढा. खेमसिंग जेवताना पाणी मागतो आणि पाणी दिलं की जेवण थंड झालं म्हणून ओरडतो. पूनमसिंगला चप्पल सापडत नाही, ती त्याच्याच पायात असते. एकीनं सांगायचं, दुसरीनं तोंडात पदर कोंबून हसायचं. दोघींची आई गेली तेव्हा माहेरी एकाच घरात त्या दोन भिंतींना पाठ लावून बसल्या, कारण दोघींचेही नवरे ओट्यावर पहारा देत होते. आईसाठी त्या रडल्या ते परत आल्यावर, या दगडावर, एकमेकींच्या गळ्यात पडून. दोन्ही घरांचे संसारसुद्धा इथूनच हाकले जात, पेरणीचा दिवससुद्धा इथंच ठरायचा. शामसाठी शीला पाहिली ती गोमलीनं, वणीच्या एका लग्नात. दगडावर येऊन सांगितली. मानीबाईनं ती घरी जाऊन अशी काही सांगितली, की खेमसिंग आजही ‘म्या शोधलेली पोरगी’ म्हणून मिरवतो.

आता हातोडी आली की हे सगळं जाणार. आणि नवऱ्याला सांगणार काय, की तुमच्या गळ्याची शपथ मी रोज दुपारी मोडत आले?

दुबेळक्याला धार होती. दुबेळकं आलं तर नायकाचा निकाल जागच्या जागी उभा राहणार होता. म्हणून मानीबाई दुबेळक्याची.

तिनं आधी शीलेला फोडायचं ठरवलं. शीला भांडी घासत होती, तिच्याशेजारी जाऊन बसली आणि होळीला माहेरी जायचं का म्हणून विचारलं. तांड्यात होळी म्हणजे वर्षाचा सण, सुनेनं त्या वेळी सासर सोडायचं म्हणजे अघटितच. शीलेनं हातातलं ताट खाली ठेवलं. पोरगी हुशार होती. सासूला ती याडी, म्हणजे आई, म्हणायची.

“याडी, तुमाले दुबेळकं कायले पाह्यजे ते सांगा,” ती म्हणाली, “मंग मी राजूरले जाईन नाही तर राहीन.”

मानीबाईनं सांगितलं नाही. रंगपंचमीपर्यंत राहून ये, एवढंच म्हणाली. शीलेनं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. संध्याकाळी जेवणं वाढताना तिनं राजूरच्या भावाचा फोन आला होता असं सांगितलं, की हातोडीनं पट्टा तुटतो, गिअरबॉक्स बसतो, आणि खाणीतसुद्धा म्हणे आता हलक्या लोखंडाचाच जमाना आहे. शाम म्हणाला खाणीत गवत कुठं कापतात. शीला म्हणाली तुम्ही कधी खाणीत गेलता काय. तो गेला नव्हता. झालं, घरात दोन इकडे आणि दोन तिकडे.

खेमसिंगनं मग मत मोजायचं सोडून निंबाखाली नसाब बोलावली.

नायक देवसिंग आता पार म्हातारा झाला होता. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण निकाल द्यायची हौस कमी झालेली नव्हती. नागोरावनं हातोडी त्याच्या पुढ्यात ठेवली. नायकानं ती उचलली, वजन पाहिलं, अंगठा फिरवला, मग वस्तऱ्यासारखी गालावरून फिरवली. एक केस निघाला नाही. तेवढ्यानं त्याचं समाधान होईना. त्यानं भाकर मागवली, तिच्यावर हातोडी दाबून ओढली. भाकरीचे तुकडे झाले. सगळा तांडा माना पुढं करून बघत होता. नायकानं एक तुकडा दाताशी धरला, चावून पाहिला आणि सांगितलं की ही कापलेली नाही, मोडलेली आहे, रोज हातानं मोडतो तशी.

पूनमसिंग निंबाच्या पलीकडच्या अंगाला भावाकडे पाठ करून बसला होता. इतकी वर्षं नसाबमध्ये तो तसाच बसायचा.

बायकांच्या रांगेतून मानीबाई उभी राहिली. तिला स्वतःलाही ते खरं वाटत नव्हतं. गोमली दोन बायका सोडून बसलेली, तिनं पदराआडून वर पाहिलं.

“नायक,” मानीबाई म्हणाली, “ठेचून मेलेलं अन् कापून मेलेलं, मरणाराले काही फरक पडते काय?”

नायकानं डोळे मिटले. बराच वेळ तो तसाच राहिला, आता याला झोप लागली की काय असं लोकांना वाटायला लागलं. मग त्यानं डोळे उघडून सांगितलं की सवाल मोठा आहे, पण त्याच्यासाठी वेगळी नसाब बसवावी लागेल. आजचा सवाल धारेचा. “हे हत्यार नाही,” तो म्हणाला, “हा मार हाये. माराले मनाई केली नव्हती. अन् जे थोरल्याले तेच धाकट्याले.”

शेवटचं वाक्य कानावर पडताच पूनमसिंग उठला आणि दारव्ह्याच्या जीपकडे चालायला लागला. भावाचं मशीन धुरा साफ करत करत हातभर आपल्या अंगाला येणार, हे त्याला दिसायला लागलं होतं. आपलंही मशीन असलंच पाहिजे, आणि तेही हातोडीचंच. नागोराव हातातला चहा तसाच ठेवून त्याच्यामागं पळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणी दगडावर भेटल्या. गोमलीनं बातमी आणली की तिच्या बुढ्यानं मशीन भाड्यानं ठरवलं, उद्या सकाळी तो त्या टोकानं सुरू करणार, खेमसिंग या टोकानं. म्हणजे मधे भेटतील, मानीबाई म्हणाली. गोमली हातातली तंबाखू मळत राहिली, मळून मळून तिची पार राख झाली. नवऱ्यांच्या गोष्टी त्या दिवशी निघाल्याच नाहीत. उठताना मानीबाई म्हणाली, उद्या दुपारी कुठं यायचं, ते तर उद्या दुपारी इथं नसेल. मग सकाळीच येऊ, असं गोमली म्हणाली. का यायचं आणि येऊन काय करायचं, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

सकाळी दोन्ही टोकांना दोन ट्रॅक्टर सुरू झाले तेव्हा धुऱ्याच्या दोन्ही बाजूंनी अख्खा तांडा उभा होता. नागोरावनं सगळ्यांना बजावलं की मागं कोणी उभं राहू नका, गोटे उडतात. म्हणून दोघं भाऊ आपापल्या ट्रॅक्टरच्या पुढं, चांगलं अंतर राखून, हातात काठी घेऊन गोटे बघत चालले होते. मशीन गरजायला लागलं तशी डुकरं उठली. एक मोठी डुकरीण पिल्लांचं लटांबर घेऊन बरोबर नागोरावच्या दिशेनं निघाली, तर हा माणूस उडी मारून शामच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर चढला आणि बॉनेट तापलं म्हणून तिथंही नाचायला लागला. त्याच्यासाठी मशीन थांबवावं लागलं. तांड्यातल्या पोरांना शाळेची आठवणसुद्धा राहिली नाही.

हे सगळं मानीबाईला नुसतं ऐकू येत होतं. ती आणि गोमली बोरीखाली दगडावर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. एका बाजूनं शामचं मशीन, एका बाजूनं भाड्याचं, मधे फांद्या फुटल्याचे कडकड आवाज. इथं कधी ऊन आलं नव्हतं, ते आधी ठिपक्या ठिपक्यांनी आलं, मग हातभर आलं. हिरव्या पाल्याचा उग्र वास नाकात भरला. गोमलीनं तिचा हात घट्ट धरला. निघू या का, असं तिनं विचारलं. मानीबाईला निघावंसं वाटत होतं, पण निघायचं कोणत्या बाजूनं? इकडून गेलं तर हिचा बुढा, तिकडून तिचा.

एक काठी झुडपातून आत आली आणि दगडावर टकटक करायला लागली. मानीबाईनं ती धरली. काठीच्या दुसऱ्या टोकाला खेमसिंग होता. त्यानं काठी ओढली, ती येईना. तो फांद्या सारत आत आला आणि बायकोला बघून हात वर करून ओरडला, मशीन बंद करा. पलीकडून पूनमसिंगही फांद्या सारतच येत होता. दोन्ही ट्रॅक्टर बंद झाले. माणसं धावली.

“तू अठी काय करून राह्यली?” खेमसिंगनं विचारलं.

“बसली हाये.”

“कवापासून?”

गोमलीनं जेठ, म्हणजे थोरला दीर, समोर आला म्हणून घुंघट केव्हाच ओढला होता. जेठाशी बोलायची रीत नाही, ती लग्नापासून त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आज ती घुंघटातून बोलली.

“झुडूप डोक्यावर आलं तवापासून.”

तांड्याला कळायला जरा वेळ लागला. आधी एक बाई हसली, मग दुसरी, मग अख्खा तांडा असा हसला की झाडावरची पाखरं उडाली. शीलेनं सासूकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. खेमसिंगचा चेहरा पडला. पूनमसिंगचाही तसाच. बायकांकडे बघायची सोय राहिली नाही, लोकांकडे तर नाहीच नाही, म्हणून त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खेमसिंगला दिसलं की धाकट्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या.

“भिया,” पूनमसिंग म्हणाला, “तुह्या मशीनचा पट्टा गरम होते काय?”

“होते ना. तुहा?”

“हात लावू देत नाही.”

मानीबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती आणि गोमली मागं सरकल्या, भावांना जागा दिली, आणि दोघं भाऊ दगडावर टेकले. मग काय, पट्टा, गिअरबॉक्स, बोंडअळी, डुकरं, नागोरावची लबाडी, कशाकशाबद्दल बोलू असं त्यांना झालं. दोन्ही वावरांत सगळं कसं एकाच दिवशी पेरलं जायचं याचं दोघांना नवल वाटलं. खेमसिंग म्हणाला, रक्त एक आहे, म्हणून. पूनमसिंगला ते पटलं. नायकाला दोघा पोरांनी धरून आणलं, त्यानं निकाल बरोबर निघाल्याचं जाहीर केलं. बायका उन्हात उभ्या होत्या.

खेमसिंग बायकोला म्हणाला की आता चहा कर. आणि धाकट्याच्या मांडीवर हात मारून त्यानं वर जोडलं, की खरं सांगू का, भावाभावांत काही नसतंच, हे सगळं बायांमुळं होतं. पूनमसिंगनं मान डोलावली. तो म्हणाला, उद्या जेसीबी बोलवू, मुळासकट काढू, ही बोरही काढू, म्हणजे मधे काही राहायलाच नको.

मानीबाईच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं.

“उठा,” ती म्हणाली.

खेमसिंगला वाटलं ती चहाला बोलवते आहे. तो म्हणाला, इथंच आण.

“उठा मनलं. हा गोटा आमचा हाये. बोर निघणार नाही, अन् ह्या बोरीभवतालचं झुडूपबी निघणार नाही.”

खेमसिंग समजुतीनं घ्यायला लागला. आता सगळं मिटलं, आता लपायची काय गरज, गोमलीनं आपल्या घरी यावं, तू तिच्या घरी जावं, ओट्यावर बसून दिवसभर बोला, कोण अडवतं?

“ओट्यावर तुमी असता,” मानीबाई म्हणाली. “आमाले जागा पाह्यजे ते तुमी नसता तिथं. सारं घर म्या तुमच्या हवाली केलं, वावर केलं, पोरगा केला. एवढा एक गोटा माहा अन् माह्या बहिणीचा. त्यावर बसाचं नाही.”

ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. म्हणूनच की काय कोणी हसलं नाही. रांगेतल्या बायांनी माना खाली घातल्या होत्या, पण एकीही घरी जायला हलली नाही. शीला पुढं आली आणि शामच्या हातातली ट्रॅक्टरची किल्ली काढून घेऊन सासूच्या शेजारी उभी राहिली. नायकानं घसा खाकरला, निकालासाठी तोंड उघडलं, मानीबाईकडे पाहिलं आणि परत मिटलं.

दोघं भाऊ उठले. एकमेकांना आधार देत, धोतराला चिकटलेला पाला झटकत, ते ठेचलेल्या धुऱ्यावरून चालायला लागले. लोक पांगले. बहिणी दगडावर बसल्या. सावली आता दोघींपुरतीच उरली होती. मानीबाईनं कनवटीची तंबाखू काढली, गोमलीनं घुंघट मागं सारला, आणि तेवढ्यात वावरातून वाढलेले आवाज ऐकू आले. चहाला थोरल्याच्या घरी जायचं की धाकट्याच्या, यावरून भावांचं लागलं होतं. थोरला म्हणत होता मान माझा. धाकटा म्हणत होता आधी दोन तास खाल्ले ते कबूल कर.

“बाई, जाऊ काय? सोडवू काय त्याइले?” गोमलीनं विचारलं.

मानीबाईनं चुना लावला, मळला, अर्धी चिमूट बहिणीच्या हातावर ठेवली.

“भांडू दे,” ती म्हणाली. “मुळं हायेत अजून. पावसाळ्यावर दोन मयने भांडले का झुडूप डोक्यावर येते.”